डिंगीला विजेची मोटर: कोणती घ्यावी आणि कशी बांधून ठेवावी

डिंगीवर, म्हणजे मोठ्या बोटीवरून किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीवर, मोटर चढवतानाचा क्षण फार नाजूक असतो. मोठ्या बोटीच्या कठड्यावरून एक जण वाकून मोटर खाली सोडत असतो, दुसरा डिंगीत उभा राहून हात वर करून ती घेत असतो. वरच्याला वाटतं खालच्याने पकडली, खालच्याला वाटतं वरच्याने अजून सोडली नाही. नेमकी तेव्हाच बाजूने गेलेल्या बोटीची लाट येते आणि डिंगी वीतभर खाली जाते. हे मी डोळ्यांसमोर घडताना पाहिलं आहे. मोटर डिंगीच्या मागच्या फळीला नुसती घासली आणि पाण्यात गेली. थोडे बुडबुडे आले, मग तेही थांबले. मोटरच्या कडीत एक दोरी अडकवलेली असती तर तिथल्या तिथे ओढून वर घेता आली असती.

म्हणून मोटर निवडणं आणि मोटर बांधणं, या दोन्ही गोष्टींना मी इथे सारखंच महत्त्व देणार आहे. लोक पहिलीबद्दल खूप विचारतात, दुसरीबद्दल फार कमी.

विजेवर चालणारी आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मोटर, ही आजकालची कल्पना नाही. १८८१ साली ग्युस्ताव त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने पॅरिसमध्ये सीन नदीवर एक छोटी होडी विजेवर चालवून दाखवली होती. त्याची मोटर सुकाणूलाच जोडलेली होती आणि हवी तेव्हा उचलून काढता येत होती, म्हणजे आज आपण आउटबोर्ड म्हणतो तीच. पेट्रोलच्या आउटबोर्ड बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. मधली शंभर वर्षं विजेच्या मोटरचं घोडं अडलं ते बॅटरीपाशी. आजही मोटर निवडायला बसलं की खरा हिशोब बॅटरीचाच करावा लागतो.

डिंगीला ताकद लागते किती

पाणी कापत चालणाऱ्या प्रत्येक होडीला तिच्या लांबीने एक वेगमर्यादा घालून दिलेली असते. होडी पुढे सरकते तशी नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, एक लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते. तिची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की होडी स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात बसते आणि तिथून पुढे जायचं म्हणजे समोरच्या चढावर चढायचं. गणित सोपं आहे: पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये मोजा, तिचं वर्गमूळ काढा आणि २.४३ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. अडीच मीटर लांबीला ते सुमारे ३.८ नॉट, म्हणजे ताशी ७ किलोमीटर. हवा भरून फुगवलेल्या हलक्या डिंग्या पुरेशी ताकद मिळाली तर पाण्यावर उठून पळू शकतात, पण त्यासाठी मोटरही कितीतरी मोठी लागते आणि बॅटरीही. किनाऱ्यापर्यंत माणसं आणि सामान नेण्याच्या कामाला तो खर्च आणि ते वजन परवडत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी एकदा मनात बसली की मोटर वापरण्याची पद्धतच बदलते. या मर्यादेच्या आत लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट. हेच उलटं वाचून बघा. समजा ८०० वॅट ओढून डिंगी ४ नॉट चालते आहे. हँडल मागे घेऊन ४०० वॅटवर आणा. ताकद निम्मी झाली, पण वेग निम्मा होत नाही, तो ३.२ नॉटच्या आसपास राहतो. बॅटरी दुप्पट वेळ चालते आणि तुम्ही दीडपटीहून जास्त लांब जाता. मर्यादेच्या जवळ तर फरक याहूनही मोठा पडतो. त्यामुळे पूर्ण हँडल पिळून जाणं ही विजेच्या मोटरवर सगळ्यात महागडी सवय आहे.

मोटर घ्यायला गेलं की तीन वेगळी मापं समोर येतात आणि गोंधळ तिथे सुरू होतो. वॅट म्हणजे मोटर बॅटरीतून किती वीज ओढते. ७४६ वॅट म्हणजे एक हॉर्सपॉवर, म्हणजे १,००० वॅटची मोटर कागदावर जेमतेम १.३ हॉर्सपॉवरची. तरी तिच्या जाहिरातीत ‘३ हॉर्सपॉवरच्या तोडीची’ असं लिहिलेलं असतं. त्यात तथ्य एवढंच, की विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर लावते आणि पाण्यातला मोठा पंखा (प्रोपेलर) सावकाश फिरवते, तर छोटं पेट्रोल इंजिन लहान पंखा वेगात फिरवून बरीच ताकद पाणी घुसळण्यात घालवतं. ही तुलना डिंगीच्या संथ चालीपुरती धरावी, त्याच्या पुढे नाही.

तिसरं माप पौंडांचं. मासेमारीसाठी तळ्यात वापरतात त्या ट्रोलिंग मोटरवर ‘५५ पौंड’ असं असतं. म्हणजे होडी खुंटाला बांधून मोटर पूर्ण सोडली तर दोरीवर सुमारे २५ किलोचा ओढा येईल. होडी जागची हलत नसताना घेतलेलं हे माप आहे. होडी चालू लागली की ओढा कमी होतो. किती कमी, ते पंख्याच्या घडणीवर ठरतं आणि डब्यावर ते लिहिलेलं नसतं. अशी मोटर १२ व्होल्टवर साधारण ५० अँपिअर ओढते, म्हणजे ६०० वॅट. निवांत तळ्यात, तीन मीटरच्या होडीला ती छान पुरते. समोरून वारा आणि लाट असेल तिथे मला ती अपुरी वाटते.

परतीचा हिशोब

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वारा २० नॉट झाला की डिंगीवरचा दाब चौपट. हवेची डिंगी पाण्यावर फुग्यासारखी असते, पाण्याखाली तिचा भाग थोडाच. त्यामुळे सकाळी शांत पाण्यात ज्या मोटरने आरामात किनारा गाठला, तीच दुपारी वारा उठल्यावर रडकुंडीला येऊ शकते.

प्रवाहाचं गणित तर आणखी फसवं आहे. तुमची मोटरबोट पाण्यात ३ नॉट चालते, आणि ओहोटीचा प्रवाह दीड नॉट आहे. जायचं एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर. जाताना प्रवाह पाठीशी: वेग साडेचार नॉट, वेळ १३ मिनिटं. येताना प्रवाह अंगावर: वेग दीड नॉट, वेळ ४० मिनिटं. परतीला बॅटरी तिप्पट खर्च झाली. जाताना मीटरवर काटा फारसा हलला नाही म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस अशा ठिकाणी अडकतो. बॅटरीचे तीन वाटे करा: एक जाण्याचा, एक येण्याचा, आणि एक हातचा. भरती-ओहोटी असेल तिथे जाण्याचा वाटा त्याहून लहान धरा. आणि वल्ही बोटीत हवीतच, दोन्ही, त्यांच्या खोबणीसकट.

बॅटरी

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात, आणि मोटरच्या वॅटने भागलं की पूर्ण ताकदीवर किती वेळ चालेल ते कळतं. टॉर्कीडो कंपनीच्या ‘ट्रॅव्हल ११०३’ या मोटरची ताकद १,१०० वॅट आणि बॅटरी ९१५ वॅट-तास. म्हणजे पूर्ण सोडली तर ५० मिनिटं. ईप्रॉपल्शनची ‘स्पिरिट १.० प्लस’ १,००० वॅटची, बॅटरी १,२७६ वॅट-तास. म्हणजे सव्वा तास. या दोन्हींत बॅटरी मोटरच्या डोक्यावरच बसते आणि खटकन काढता येते. पाठीला त्रास असेल किंवा मोटर रोज काढ-घाल करायची असेल, तर ही सोय मोठी आहे, कारण उचलायचं वजन दोन-तीन तुकड्यांत वाटलं जातं. दुसरी बॅटरी विकत घेताना मात्र ती त्याच कंपनीची, त्याच कंपनीच्या भावाने घ्यावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे साधी मोटर आणि वेगळी बॅटरी. इथे लेड-ॲसिडचा मोह होतो, कारण ती स्वस्त असते. पण १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी १,२०० वॅट-तासांची म्हणत असली तरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि जोरात वीज ओढली तर ती लिहिलेल्यापेक्षा कमीच देते. हातात पडतात ६०० वॅट-तास, वजन मात्र २५-३० किलो. त्याच मापाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२ किलोच्या आसपास भरते आणि हजारभर वॅट-तास बिनधास्त वापरू देते. डिंगीत प्रत्येक किलो जाणवतो, म्हणून मी लेड-ॲसिडच्या बाजूने नाही.

लिथियम घेताना तीन गोष्टी तपासा. एक, बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट सलग किती अँपिअर देऊ देतं. बॅटरी १०० अँपिअर-तासाची असली तरी सर्किट ५० अँपिअरचं असेल, तर मोटर पूर्ण सोडल्यावर ते काही मिनिटांत वीज तोडू शकतं, आणि ते घडणार ऐन वाऱ्यात. दोन, व्होल्टमीटरवर विसंबू नका. लेड-ॲसिडचा व्होल्ट हळूहळू उतरतो, मोटर मंदावते, माणूस सावध होतो. या लिथियमचा व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग बॅटरी एकदम बंद पडते. किती वापरली हे सांगणारं अँपिअर-तास मोजणारं मीटर लावा. तीन, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते.

वेगळ्या बॅटरीत केबलकडे फार दुर्लक्ष होतं. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर. केबल आणि जोड मिळून ०.०२ ओहम एवढा नगण्य वाटणारा अडथळा असला तरी एक व्होल्ट वाटेतच हरवतो आणि ५० वॅटची उष्णता जोडांमध्ये साठते. हात लावून बघा, सैल जोड चटका देतो. तीच ताकद ४८ व्होल्टवर घेतली तर प्रवाह १२.५ अँपिअर, आणि त्याच केबलमध्ये नुकसान फक्त तीन वॅट. मोठ्या मोटर जास्त व्होल्टच्या असतात त्या यासाठी. १२ व्होल्टवर राहायचं तर केबल जाड आणि आखूड ठेवा, आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवा. फ्यूज मोटरपाशी लावला आणि केबल मधेच कुठे घासली, तर त्या फ्यूजचा काही उपयोग नाही.

दांडीची लांबी

इथे आकड्यांची तुलना करू नका, कारण मोजण्याची जागाच वेगळी असते. पेट्रोलच्या मोटरमध्ये पंख्यावरच्या आडव्या पट्टीपर्यंत मोजतात: आखूड साधारण ३८ सेंटिमीटर, लांब ५१. विजेच्या अनेक मोटरमध्ये पंख्याच्या मध्यापर्यंत मोजतात, म्हणून तिथे ६२.५ आणि ७५ असे आकडे दिसतात. आपल्या डिंगीचं माप आपण घ्यावं: मागच्या फळीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, वरच्या कडेपासून तळापर्यंत. पंख्याच्या पात्याचं वरचं टोक तळाच्या निदान चार बोटं खाली गेलं पाहिजे. कमी पडलं तर पंखा हवा ओढतो. मोटर गरगरते आणि होडी ढिम्म. जास्त झालं तर उथळ पाण्यात पंखा तळाला घासतो.

बसण्याच्या जागेचाही विचार इथेच करा. मोटर मागे, बॅटरी मागे, चालवणाराही मागे, मग एकटे असलात की नाळ आकाशाकडे जाते आणि थोड्या वाऱ्याने डिंगी उलटायला येते. वेगळी बॅटरी असेल तर ती बसायच्या मधल्या फळीखाली पट्ट्याने आवळून ठेवा आणि हँडलला लांब दांडा जोडा. डिंगीवर कारखान्याची एक पट्टी असते, त्यावर माणसं, एकूण वजन आणि जास्तीत जास्त ताकद दिलेली असते. बॅटरीचं वजन त्या एकूण वजनात धरायचं.

बांधणं

मोटर दोन फिरकीच्या स्क्रूंनी फळीला आवळलेली असते, आणि त्या दोन स्क्रूंवर पूर्ण भरवसा ठेवणं हीच नेहमीची चूक. लाकूड दाबलं जातं, ओलं होतं, सुकतं. पंख्याची थरथर चालू असते. विजेच्या मोटरचा जोर तर एका क्षणात येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी हँडल एकदम पिळलं की क्लॅम्पला, म्हणजे फळीला धरणाऱ्या पकडीला, झटका बसतो. म्हणून क्रम ठरवून घ्या. मोटर फळीच्या बरोबर मध्यावर टेकवा, दोन्ही स्क्रू आलटूनपालटून हाताने घट्ट करा, दहा मिनिटं चालवा, आणि पुन्हा घट्ट करा. दुसऱ्या वेळी ते जवळपास नेहमीच थोडे फिरतात. फळी गुळगुळीत असेल तर आतून-बाहेरून रबराची किंवा प्लॅस्टिकची जाड पट्टी लावली की क्लॅम्पला पकड मिळते.

आता दोरी. मोटरच्या क्लॅम्पच्या धातूच्या भागावर एक भोक किंवा कडी असते. दोरी तिथेच बांधायची, हँडलला किंवा केबलला कधीच नाही. दुसरं टोक फळीतून आरपार गेलेल्या आणि मागे मोठा वॉशर लावलेल्या, डोक्याला गोल कडी असलेल्या बोल्टला. रबरावर चिकटवलेली कडी उन्हाने सुटते, तिच्यावर मोटरचा भार टाकू नका. सहा-आठ मिलिमीटरची पॉलिएस्टर दोरी पुरे. ती इतकी आखूड हवी की मोटर निसटलीच तर फळीलाच लटकून राहावी, खोल जाऊ नये. बॅटरी डोक्यावर असलेल्या मोटरला याचं महत्त्व दुप्पट.

आणि सुरुवातीला सांगितलेला तो क्षण: मोटर जागेवरून उचलण्याआधी दोरी बांधायची आणि तिचं दुसरं टोक मोठ्या बोटीच्या क्लीटला, म्हणजे दोरी गुंडाळायच्या खुंटीला, अडकवायचं. मग खाली सोडायची, बॅटरी न लावता. खालचा माणूस बसलेला असावा, उभा नाही. मोटर फळीवर बसली, स्क्रू आवळले, डिंगीची दोरी बांधली, आणि त्यानंतरच बोटीकडची दोरी सोडली. दोन दोऱ्या, आणि एकही क्षण असा नाही की मोटर मोकळी आहे. बॅटरी वेगळी उतरवायची, तिलाही दोरी.

चोरीचं म्हणाल तर स्क्रूंच्या दोन्ही मुठी एकमेकींशेजारी आणून त्यांवर खाचेची स्टीलची नळी सरकवतात आणि टोकाला कुलूप घालतात. मग स्क्रू फिरत नाहीत. ही नळी घ्यावी, पण तेवढ्याने भागत नाही. मोटर डिंगीला पक्की आणि डिंगी धक्क्याला नुसत्या दोरीने बांधलेली असेल, तर नेणारा दोन्ही घेऊन जातो. प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली स्टीलची तार मोटरच्या कडीतून, डिंगीच्या पक्क्या बोल्टमधून आणि धक्क्याच्या कडीतून ओवा. बॅटरी, आणि निघत असेल तर हँडलसुद्धा, बरोबर घेऊन जा. बॅटरीविना मोटर विकायला अवघड, हा विजेच्या मोटरचा मोठा फायदा आहे. मोटर आणि बॅटरीचा क्रमांक फोटो काढून घरी जपून ठेवा. रात्री डिंगी पाण्याबाहेर उचलून टांगता आली तर उत्तम. तळाला शेवाळही धरत नाही.

चुंबकाची किल्लीही बांधणीचाच भाग समजा. बहुतेक मोटरला लाल दोरीचं एक चुंबक असतं, ते ओढलं गेलं की वीज तुटते. ते मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेलं हवं. एकटा माणूस पाण्यात पडला आणि मोटर चालूच राहिली, तर मोकळी डिंगी गोल फिरत त्याच्याच अंगावर येते, तीही आवाज न करता. पंख्यात दोरी किंवा वेल अडकला तर हात घालण्याआधी हे चुंबक काढून खिशात टाका. विजेची मोटर थांबलेली आहे की नुसती वाट बघते आहे, हे ऐकून कळत नाही. पेसमेकर असलेल्या माणसाने हे चुंबक छातीपासून लांब ठेवावं.

खारं पाणी आणि पहिला दिवस

थांबल्यावर मोटर उचलून पाण्याबाहेर ठेवा, घरी आलं की गोड्या पाण्याने धुवा. पंख्यापाशी झिजण्यासाठीच लावलेला धातूचा तुकडा असतो, तो निम्मा झिजला की बदला. ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पमध्ये स्टेनलेसचे स्क्रू मिठाने जाम होतात, म्हणून महिन्यातून एकदा पूर्ण सोडवून ग्रीस लावा. मोटर बरेच दिवस वापरायची नसेल तर लिथियम बॅटरी अर्धी भरून थंड जागी ठेवा. पाण्यात बुडून निघालेली बॅटरी वरून कोरडी दिसली तरी चार्जला लावू नका. उघड्यावर, घरापासून आणि बोटीपासून दूर ठेवा आणि जाणकाराला दाखवा. पंख्याची सुटी पिन, एक जादा पंखा आणि तो काढायचा पाना एका पिशवीत घालून ती पिशवी डिंगीतच राहू द्या.

पहिल्या दिवशी वारा नसताना बाहेर पडा आणि मोबाइलवर जीपीएस लावा. २०० वॅट, ४०० वॅट आणि पूर्ण, अशा तीन पायऱ्यांवर एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने चालवा, म्हणजे प्रवाहाचा फरक निघून जाईल; दोन्हींची सरासरी तुमच्या डिंगीचा खरा वेग. हे आकडे पक्क्या मार्करने बॅटरीच्या पेटीच्या झाकणाच्या आत लिहा. मग परत येऊन मोटर उतरवण्याआधी क्लॅम्पचे स्क्रू हाताने आवळून बघा. पाव फेऱ्याहून जास्त फिरले, तर पुढच्या खेपेआधी फळीवर ती रबराची पट्टी बसवून घ्या.